कोलंबस, इंडियाना : ब्याऐंशी हजारांचे महानगर

अमेरिकी सरकारच्या दप्तरात मी एका महानगरात राहते. पुण्यातल्या नातेवाइकांना हे सांगितले की त्यांच्या डोळ्यांपुढे उंच इमारती, भुयारी रेल्वे आणि रात्रभर जागे असणारे रस्ते उभे राहतात. त्यांतल्या निम्म्यांना तर मी ओहायो राज्यातल्या कोलंबसमध्ये राहते असे वाटते, जिथे महानगर म्हणावे इतकी, म्हणजे वीस लाखांवर, वस्ती खरोखरच आहे. माझे कोलंबस इंडियाना राज्यातले. इंडियानापोलिसहून ६५ क्रमांकाच्या महामार्गाने दक्षिणेला साधारण पाऊण तास गेले की ते लागते. २०२० च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या ५०,४७४ भरली आणि शहर ज्या बार्थोलोम्यू काउंटीत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागात, आहे तिची ८२,२०८. ही एवढी एक काउंटी म्हणजेच कोलंबस महानगर सांख्यिकी क्षेत्र. एकट्या कोथरूडात याहून कितीतरी अधिक माणसे राहतात. गावाबाहेर पाच मिनिटे गाडी हाकली की मका आणि सोयाबीनची सपाट शेते, धान्याची गोल कोठारे आणि मधूनच एखादे पांढरे चर्च एवढेच दिसते, पण कागदोपत्री आपण अजून महानगरातच असतो.

हा मान मिळण्याचा नियम सरळ आहे. गाभ्यातली सलग नागरी वस्ती किमान पन्नास हजारांची असेल, तर ती ज्या काउंटीत आहे ती संपूर्ण काउंटी महानगर क्षेत्र ठरते, आणि कामाच्या येण्याजाण्याने तिच्याशी घट्ट बांधलेल्या शेजारच्या काउंट्याही तिला जोडल्या जातात. पन्नास हजारांची ही अट १९५० च्या सुमाराची आहे. कोलंबसला हा दर्जा २००३ मध्ये मिळाला. जानेवारी २०२१ मध्ये संघराज्य सरकारच्या अर्थसंकल्प कार्यालयाने ही अट एक लाखावर नेण्याचा प्रस्ताव मांडला आणि देशातली १४४ महानगरे एका फटक्यात 'लघुनगर क्षेत्रे' होण्याची वेळ आली. आमचे कोलंबस त्यांच्यापैकीच एक. लहान शहरांच्या महापौरांनी आणि खासदारांनी आरडाओरडा केला, कारण अनेक सरकारी योजनांचा निधी आणि बाहेरच्या उद्योगांचे लक्ष या शिक्क्यावर अवलंबून असते. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये प्रस्ताव मागे पडला. माझ्या मते तो मागे पडला हे बरेच झाले. ज्या गावात आसपासच्या चार-पाच काउंट्यांमधून रोज सकाळी माणसे कामाला येतात, त्याला शेतीचे तालुक्याचे ठिकाण म्हणणे अधिकच चुकीचे ठरले असते.

मला मात्र त्या आकड्यापेक्षा तो कसा जमला यात अधिक रस आहे. आपल्याकडे माणूस शहरात येतो तो बहुधा गाववाल्याचा किंवा भावकीतल्या कोणाचा हात धरून. येथील बहुतेक समाज कोणाच्या तरी व्यावसायिक निर्णयामागून आले, आणि म्हणूनच त्यांतले बरेच जण पुढच्या निर्णयाबरोबर हलतातही. दर दहा वर्षांनी मोजलेला आकडा शांतपणे चढत जातो, पण त्याखालची माणसे सतत बदलत असतात.

सुरुवात अर्थातच मूळ रहिवाशांना हलवण्यापासून झाली. मध्य इंडियानाचा हा भाग लेनापी, म्हणजे इंग्रजीत डेलावेअर म्हटल्या जाणाऱ्या लोकांच्या ताब्यात होता. १८१८ च्या सेंट मेरीज येथील करारांनी तो सरकारने घेतला आणि १८२१ मध्ये येथे काउंटी स्थापन झाली. जनरल जॉन टिप्टन यांच्या नावावरून गावाला प्रथम टिप्टोना म्हटले गेले, पण काही आठवड्यांतच कारभाऱ्यांनी ते बदलून कोलंबस केले, आणि टिप्टन रागावून येथून निघून गेले अशी कथा येथे आवडीने सांगितली जाते. काउंटीच्या ईशान्येला होप नावाचे दोन हजारांच्या आसपास वस्तीचे गाव आहे. ते १८३० मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या सेलमहून आलेल्या मोरावियन पंथाच्या लोकांनी वसवले आणि त्यांचे चर्च आजही तेथे आहे. दक्षिण व पश्चिम भागात जर्मन ल्यूथरन शेतकरी येऊन स्थिरावले. त्यांची आडनावे आजही टपालपेट्यांवर आणि शेतकी सामानाच्या दुकानांवर वाचायला मिळतात. विसाव्या शतकात कारखाने वाढले तसे दक्षिणेकडच्या केंटकी राज्यातल्या डोंगराळ भागातून गोरे कामगार आले. त्यांची नातवंडे आता स्वतःला अस्सल इंडियानाचे म्हणवतात, आणि त्यांच्या आजोबांनाही एके काळी येथे बाहेरचे समजले जाई हे त्यांच्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

या गावाच्या लोकसंख्येचा खरा इतिहास मात्र एका कंपनीभोवती फिरतो. विल्यम ग्लँटन अर्विन हे येथील सावकार-बँकर. क्लेसी कमिन्स हा त्यांच्या घरचा मोटारचालक आणि हाडाचा मेकॅनिक. त्याच्या डिझेल इंजिनाच्या वेडाला अर्विन यांनी पैसा पुरवला आणि १९१९ मध्ये कमिन्स इंजिन कंपनी उभी राहिली. पुढची अठरा वर्षे ती तोट्यात चालली. पहिला नफा दिसला तो १९३७ मध्ये. तोवर कारभार अर्विन यांच्या नातलगांतल्या पुढच्या पिढीकडे, जे. अर्विन मिलर यांच्याकडे आला होता. मिलर १९०९ साली येथेच जन्मले आणि २००४ मध्ये गेले. मधल्या काळात या गावाची वस्ती कशी असावी, यावर त्यांच्याइतका परिणाम कोणत्याही सरकारी धोरणाने केलेला नाही.

त्यांची अडचण साधी होती. मक्याच्या शेतात वसलेल्या गावात चांगला इंजिनिअर येणार कसा, आणि आला तरी त्याचे कुटुंब टिकणार कसे? १९५० च्या दशकात मुले वाढली आणि शाळा भराभर बांधाव्या लागल्या. तेव्हा मिलर यांनी कंपनीच्या प्रतिष्ठानामार्फत गावापुढे एक प्रस्ताव ठेवला : आम्ही दिलेल्या यादीतला नामांकित वास्तुविशारद निवडा, त्याची फी आम्ही देऊ, बांधकामाचा खर्च तुमचा. त्यातून हॅरी वीज यांनी आखलेली पहिली शाळा १९५७ मध्ये उभी राहिली. पुढे शाळा, अग्निशमन केंद्रे, तुरुंग, टपाल कार्यालय असे करत गावात जगप्रसिद्ध वास्तुविशारदांच्या इमारतींची रांगच लागली. एलिएल सारिनेन यांचे फर्स्ट ख्रिश्चन चर्च तर त्याआधीच, १९४२ मध्ये, झाले होते. त्यांचे पुत्र एरो यांची बँक आणि सहा बाजूंचे, उंच सुळक्याचे नॉर्थ ख्रिश्चन चर्च, आय. एम. पेई यांचे १९६९ चे ग्रंथालय आणि त्याच्यासमोरची हेन्री मूर यांची काशाची प्रचंड कमान पाहायला आजही लांबून लोक येतात. पर्यटक येथे स्थापत्य पाहून जातात. मला या इमारती नोकरभरतीच्या जाहिरातीही वाटतात, आणि मिलर यांचा मोठेपणा त्यामुळे उणावतो असे मी मानत नाही. आपल्या कारकुनाच्या आणि कामगाराच्या मुलानेही उत्तम शाळेत बसावे, असे वाटणारे मालक किती असतात?

वर्णाच्या प्रश्नावर त्यांनी घेतलेली भूमिकाही लोकसंख्येच्या अंगाने पाहिली पाहिजे. १९२० च्या दशकात कू क्लक्स क्लॅन ही वर्णद्वेष्टी संघटना इंडियानात इतकी बळावली होती की १९२४ मध्ये तिच्या पाठिंब्यावर राज्याचा गव्हर्नर निवडून आला. अशा राज्यातल्या एका उद्योगपतीने १९६० ते १९६३ या काळात राष्ट्रीय चर्च परिषदेचे अध्यक्षपद भूषवावे, त्या पदावर बसणारा, धर्मोपदेशक नसलेला तो पहिलाच माणूस असावा आणि त्याने नागरी हक्कांच्या कायद्यासाठी चर्चांचे बळ उभे करावे, ही लहान गोष्ट नव्हती. तरीही काळ्या लोकांची संख्या येथे कधीच फारशी वाढली नाही. २०१० च्या जनगणनेत शहरातले त्यांचे प्रमाण तीन टक्क्यांच्या आतच होते. धोरण उदार असले तरी नोकरी मिळालेल्या एकट्या-दुकट्या कुटुंबाला आपल्या माणसांचा शेजार लागतो, आणि तो तासाभरावरच्या इंडियानापोलिसमध्ये सहज मिळतो.

या कौतुकाच्या गोष्टींत एक जागा सहसा वगळली जाते. नदीकाठी, जिथे आता मिल रेस पार्क नावाची देखणी बाग आहे, तेथे पूर्वी कातडे कमावण्याचा कारखाना आणि गरिबांची पत्र्या-फळ्यांची घरे होती. पुराचे पाणी शिरणाऱ्या त्या वस्तीला गावाने 'मृत्यूची दरी' असे नाव दिले होते. १९६० च्या दशकात ती वस्ती उठवली गेली. आजची बाग १९९२ मध्ये तयार झाली. तेथल्या मनोऱ्यावरून सगळे गाव दिसते. ती घरे कोणाची होती आणि ती माणसे पुढे कोठे गेली, याची पाटी मात्र मला तेथे दिसली नाही. गावाच्या लोकसंख्येत कोण आले याचा हिशेब नीट राहतो. कोण गेले याचा कोणी ठेवत नाही.

१९८० च्या दशकात जपानी कंपन्या आल्या. मोटारींची चाके बनवणारी एन्केई, ड्राइव्हशाफ्ट बनवणारी एनटीएन, फोर्कलिफ्ट बनवणारी टोयोटा अशा मोठ्या कारखान्यांमागून लहान पुरवठादार आले आणि त्यांच्याबरोबर जपानी व्यवस्थापकांची कुटुंबे. आइची प्रांतातले मियोशी हे कोलंबसचे भगिनी शहर आहे ते याच नात्याने. ही कुटुंबे तीन ते पाच वर्षांच्या बदलीवर येतात. ती घर विकत घेत नाहीत, मुलांची जपानी शाळेची पुस्तके बंद पडू देत नाहीत आणि परतीची तारीख मनात धरूनच राहतात. येथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात मी इंग्रजी संभाषणाच्या एका वर्गात मदतीला जात असे, तेव्हा तेथे एक जपानी बाई एक जाडजूड निळी फाइल घेऊन येत. त्यांच्याच घरात आधी राहून गेलेल्या कुटुंबाने ती त्यांच्यासाठी मागे ठेवली होती आणि त्या कुटुंबाला ती त्याच्याही आधीच्या भाडेकरूंनी दिली होती. दातांचा डॉक्टर कोणता, ताजे मासे कोणत्या वारी कोठे मिळतात, मूल आजारी असेल तर शाळेला इंग्रजीत काय लिहायचे, बर्फ पडल्यावर दारापुढचा रस्ता किती वाजेपर्यंत साफ केला नाही तर शेजारी नाराज होतात, असे सगळे तीन-चार वेगवेगळ्या हस्ताक्षरांत लिहिलेले होते. मधल्या काही पानांवर जुने दुकान खोडून नवे लिहिले होते. जनगणनेत या घरात दर वेळी एक जपानी कुटुंब सापडेल आणि वाटेल की तेच आहे.

स्पॅनिश बोलणाऱ्यांची गोष्ट याच्या उलट आहे. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेली ही मंडळी कारखान्यांत, बांधकामावर, हॉटेलांच्या मुदपाकखान्यांत आणि छपरे घालण्याच्या कामात दिसतात. त्यांना कोणत्याही कंपनीने विमानाचे तिकीट पाठवलेले नसते. १९९९ मध्ये त्यांच्या मदतीसाठी 'सू कासा' ही संस्था येथे सुरू झाली. कागदपत्रे, दवाखाना, शाळेचा प्रवेश अशा कामांत ती हात देते. कॅथलिक चर्चमध्ये स्पॅनिशमधली प्रार्थना होते आणि ती आटोपल्यावर वाहनतळावर जी गर्दी रेंगाळते, तीत आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळे असतात. नात्यागोत्याच्या आधाराने आलेला, म्हणजे आपल्याकडच्या अर्थाने स्थलांतरित झालेला, या गावातला हाच खरा समाज. २०१० मध्ये शहरात त्यांचे आणि आशियाई वंशाच्या लोकांचे प्रमाण जवळजवळ सारखेच, सहा टक्क्यांच्या आतबाहेर, होते. कायद्याच्या दृष्टीने त्यांच्यापैकी अनेकांचे आयुष्य आमच्यापेक्षा कितीतरी असुरक्षित आहे, आणि तरी येथेच राहायचे हा त्यांचा निश्चय आमच्यापेक्षा पक्का दिसतो.

आता आमच्याकडे येते. २०१० नंतरच्या दशकात शहराच्या वस्तीत सुमारे साडेसहा हजारांची भर पडली आणि आशियाई लोकांचे प्रमाण जवळपास दुप्पट झाले. या वाढीत भारतीयांचा वाटा मोठा आहे आणि भारतीयांत पुणेकरांचा. याचे मूळ १९६२ मध्ये आहे. त्या वर्षी शंतनुराव किर्लोस्करांच्या उद्योगसमूहाबरोबर भागीदारीत किर्लोस्कर कमिन्स ही कंपनी पुण्यात स्थापन झाली आणि कोथरूडला तिचा कारखाना उभा राहिला. १९९० च्या दशकात किर्लोस्कर त्यातून बाहेर पडले आणि कंपनी कमिन्स इंडिया झाली. १९९१ मध्ये महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने कर्वेनगरात मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालय काढले, त्यालाही कमिन्सचे नाव आहे. डहाणूकर कॉलनीत वाढलेल्या माझ्या पिढीला कमिन्स हे नाव कारखान्याच्या भोंग्याइतके घरचे होते. त्या नावाचे कोणी खरोखरच एका खेड्यातला मोटारचालक होता हे येथे येऊन कळले. आज येथील भारतीय किराणा दुकानात शनिवारी सकाळी गेले तर कढीपत्त्याच्या पेटीपाशी 'अगं, कोथरूडचीच का तू?' हा प्रश्न हमखास ऐकू येतो. त्यानंतरचा प्रश्न कोणत्या सोसायटीत हा असतो.

एवढे असूनही आम्ही मराठी किती, हे कोणत्याही सरकारी तक्त्यातून काढता येत नाही. अमेरिकेच्या दर दहा वर्षांच्या जनगणनेत वंश विचारतात, आणि तेथे १९८० पासून 'एशियन इंडियन' असा रकाना आहे. त्यात तमिळ, पंजाबी, गुजराती, मराठी सगळे एकत्र जातात. भाषा विचारली जाते ती दरवर्षीच्या नमुना पाहणीत, आणि तेथे गुजराती, हिंदी, उर्दू, पंजाबी, बंगाली यांना स्वतंत्र ओळी आहेत. आपली भाषा मात्र 'नेपाळी, मराठी किंवा इतर भारतीय-आर्य भाषा' या एका ओळीत बसवलेली आहे. आठ-नऊ कोटी लोकांच्या भाषेला जोडीदार म्हणून नेपाळी मिळावी याचे वाईट वाटण्यासारखे काही नाही, पण या ओळीवरून कोलंबसातली मराठी शाळा किती मुलांसाठी चालवावी हे ठरवता येत नाही. शिवाय पाहणीतला प्रश्न घरातल्या प्रत्येकासाठी वेगळा असतो : ही व्यक्ती घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलते का? आमच्याकडे अर्ज आला तेव्हा मुलाच्या रकान्यापाशी माझा हात थांबला. मी त्याच्याशी मराठी बोलते, तो मला इंग्रजीत उत्तर देतो, आणि आजीशी बोलताना दोन्हींची सरमिसळ करतो. शेवटी मी 'होय, मराठी' असे लिहिले. शेजारच्या घरात याच परिस्थितीत 'नाही' लिहिले असण्याची शक्यता तितकीच आहे.

जे मोजलेच जात नाहीत त्यांची गोष्ट आणखी निराळी. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत येथील पायवाटांवर सकाळ-संध्याकाळ कॅनव्हासचे बूट आणि स्वेटर घातलेले आजी-आजोबा फिरताना दिसतात. ते सहा महिन्यांच्या पाहुणा व्हिसावर आलेले असतात. जनगणना नेहमीच्या राहत्या ठिकाणी मोजते, त्यामुळे ते येथल्या लोकसंख्येत नाहीत. परंतु उन्हाळ्यात मराठी घरांमधला स्वयंपाक, पाळणाघराचा वाचलेला खर्च, संध्याकाळची रामरक्षा आणि गणपतीतले मोदक यांच्यावरच चालतात. गणपती बसवायला आम्ही दरवर्षी एखादा शाळेचा किंवा चर्चचा हॉल भाड्याने घेतो. स्वतःचे मंदिर हवे असेल तर इंडियानापोलिस गाठावे लागते. ज्या समाजाचे लोक दर काही वर्षांनी बदलतात त्याला इमारत उभारणे जमत नाही; कोणाकडे वर्गणी मागावी आणि कोणाला विश्वस्त करावे, हा पहिलाच प्रश्न सुटत नाही.

हे बदलणे हौसेचे नसते. नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या ग्रीन कार्डांपैकी कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारणपणे सात टक्क्यांहून अधिक देता येत नाहीत. त्यामुळे भारतीयांची रांग दशकांच्या हिशेबात मोजावी लागते. रांगेत असताना नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधा, नाही तर देश सोडा. मोठ्या शहरात दुसरी कंपनी रस्त्यापलीकडे असते. ज्या महानगरात एकच मोठी कंपनी आहे तेथे नोकरी जाणे म्हणजे गाव जाणेच. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या बायकांना तर २०१५ पर्यंत कामाची परवानगीच नव्हती, आणि त्या वर्षीच्या नियमानंतरही ती रांगेत ठरावीक टप्प्यापर्यंत पोचलेल्यांच्या जोडीदारांनाच मिळते. माझ्या ओळखीत यंत्र अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी असलेल्या आणि वर्षानुवर्षे घरी बसलेल्या बायका आहेत. मिलर यांच्या शाळा त्यांच्या मुलांना मिळाल्या. त्यांच्या स्वतःच्या शिक्षणाला येथे गिऱ्हाईक मिळाले नाही. म्हणून पहिली संधी मिळताच ही कुटुंबे नॉर्थ कॅरोलायना, टेक्सास किंवा निदान इंडियानापोलिसच्या उत्तरेची उपनगरे गाठतात. त्यांचा कुकर, तांदळाचा डबा, बर्फाचे बूट आणि मुलाची मोटारीतली खुर्ची व्हॉट्सॲपच्या गटावरून पुढच्या कुटुंबाकडे जाते.

बाहेरच्यांना वाटते की अशा परदेशी वस्तीमुळे गावाचे राजकारण बदलले असेल. तसे नाही, कारण यांतल्या बहुतेकांना मतच नाही. अमेरिकेचे माजी उपराष्ट्रपती माइक पेन्स याच गावात १९५९ साली जन्मले आणि वाढले, आणि काउंटी आजही रिपब्लिकन पक्षालाच मत देते. पण पेन्स गव्हर्नर असताना २०१५ मध्ये त्यांनी धार्मिक स्वातंत्र्याचा जो कायदा मंजूर केला आणि ज्यामुळे समलिंगी लोकांना सेवा नाकारण्याची मुभा मिळेल अशी भीती होती, त्याला त्यांच्याच गावातल्या या कंपनीने उघड विरोध केला, आणि काही दिवसांतच कायद्यात दुरुस्ती करावी लागली. त्यामागे तत्त्व होते तसा हिशेबही होता : बाहेरून हुशार माणसे आणायची तर राज्याचे नाव चांगले राहिले पाहिजे. मतदानाचा हक्क नसलेल्या लोकांचे म्हणणे येथे असे, त्यांच्या मालकाच्या तोंडून ऐकू येते. दर शरद ऋतूत गावाच्या मध्यवर्ती रस्त्यावर 'एथनिक एक्स्पो' नावाचा मेळा भरतो. १९८४ पासून चालत आलेल्या या मेळ्यात जर्मन सॉसेजच्या गाळ्याला लागून समोश्यांचा गाळा असतो आणि रांगेत उभे राहणारे बहुतेक जण काउंटीतले जुने गोरे रहिवासी असतात. त्यांना आमचा समोसा आवडतो यात शंका नाही. आम्ही येथे किती दिवस आहोत हे मात्र आम्हालाच सांगता येत नसल्याने ओळख त्यापुढे सहसा जात नाही.

पुढच्या जनगणनेत हा आकडा चढाच राहील असे गृहीत धरणे मला धाडसाचे वाटते. हे गाव डिझेलवर वाढले आणि डिझेलचे भवितव्य कंपनीलाही माहीत आहे. २०२३ मध्ये तिने विद्युत आणि हायड्रोजनचे काम करणाऱ्या आपल्या विभागाला ॲक्सेलेरा हे वेगळे नाव दिले. ज्वलनाचे शास्त्र शिकून कोलंबसला येणारे इंजिनिअर वेगळे आणि बॅटरीचे रसायन किंवा सॉफ्टवेअर शिकलेले वेगळे. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला या गावीच येण्याचे कारण नसते. शिवाय आराखड्याचे आणि चाचणीचे बरेचसे काम आता पुण्यातच होते. तेथे बाणेर-बालेवाडीला स्वतःचे घर, गाडी आणि हाताशी आईवडील असलेली तिशीतली मंडळी कोलंबसच्या बदलीचे नाव काढले की पूर्वीसारखी हरखत नाहीत, त्याऐवजी तीन महिन्यांचा दौरा मागतात. तेवढ्या काळासाठी ती महामार्गालगतच्या हॉटेलात उतरतात, शनिवारी आमच्याकडे जेवायला येतात आणि काम संपले की परत जातात. महानगराच्या ब्याऐंशी हजारांत त्यांची गणती होत नाही.